मानधनाचा ठराव : देपालपूर तहसिलीतील एका लोककला संस्थेचे प्रकरण

इंदूरहून देपालपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या सहा गावांत काम करणाऱ्या एका लोककला संस्थेच्या कार्यकारिणीने २८ जानेवारी २०२४ रोजी, रविवारी संध्याकाळी, आपल्या एका गायक सदस्याच्या मानधनाबद्दल एक ठराव मंजूर केला. तो ठराव आणि त्यानंतरचे वर्ष हा या लेखाचा विषय आहे. संस्थेचे आणि व्यक्तींचे नाव मुद्दाम दिलेले नाही. प्रकरण चिघळल्यावर कागदपत्रे पाहून देण्यासाठी मला बाहेरून बोलावण्यात आले होते, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते इतिवृत्ताचे रजिस्टर, हिशेबाच्या फायली आणि दोन्ही बाजूंच्या मंडळींशी झालेले बोलणे यांवरून लिहिले आहे.

संस्था मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली नोंदलेली आहे. स्थापनेला लागणारी किमान सात माणसे त्या वेळी इंदूरच्या रामबाग आणि लोकमान्य नगर या वस्त्यांमधल्या परिचितांमधूनच मिळाली होती. ही सगळी मंडळी मराठी, सुशिक्षित आणि गाण्यावर मनापासून प्रेम करणारी. कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला राहायला आले, आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्याची लोकगीते आणि निर्गुणी भजने ऐकली, आणि पुढे ती मैफलीत आणली. इंदूरच्या मराठी घरांत निर्गुणी भजनांची ओढ बऱ्याच अंशी याच वाटेने आली. संस्थापकांना पुढे प्रत्यक्ष गावातली मंडळी ऐकण्याचा योग आला, तंबुरा, करताल, ढोलक, मंजिरे आणि कधी कधी व्हायोलिन यांच्या साथीने रात्रभर चालणारे कबीर गायन त्यांनी ऐकले, आणि हे जपले पाहिजे असे त्यांच्या मनाने घेतले. माळव्यात ही परंपरा मुख्यत्वे दलित समाजातल्या गायकांनी सांभाळली आहे, ही गोष्ट त्यांना ठाऊक होती. कार्यकारिणीच्या टेबलाभोवती कोण कसे बसते याच्याशी तिचा काही संबंध असू शकेल, हे मात्र त्या वेळी कोणाच्या डोक्यात आले नाही.

कार्यकारिणी नऊ जणांची होती. सहा सदस्य शहरातले : निवृत्त प्राध्यापक असलेले अध्यक्ष, शाळेतून निवृत्त झालेल्या सचिव, बँकेतून निवृत्त झालेले कोषाध्यक्ष, एक अभियंता, एक संगीत शिक्षिका आणि एक गृहिणी, ज्यांनी श्राद्धपक्षात मुलींसाठी संजाची कार्यशाळा सुरू केली होती. भिंतीवर शेणाच्या आकृती आणि फुलांच्या पाकळ्या लावून सोळा दिवस चालणारा हा कुमारिकांचा खेळ पाहून त्यांना आपला भोंडला आठवला होता. उरलेले तीन सदस्य गावांतले होते : भजन मंडळीचे प्रमुख गायक, एक अंगणवाडी कार्यकर्ती आणि माच या माळव्याच्या लोकनाट्यात आयुष्यभर स्त्री-भूमिका केलेले एक वृद्ध कलावंत. शहरातले सदस्य गायकाला ‘दादा’ म्हणत आणि तो त्यांना ‘साब’ म्हणे. इतिवृत्तात ही संबोधने अर्थातच येत नाहीत, पण मला दोन्ही बाजूंनी ती न विचारताच सांगितली गेली.

शहरातल्या सहा जणांनी जे श्रम केले त्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. गाडीत सतरंज्या टाकून गावात जाणे, मुलांसाठी खाऊ नेणे, छापखान्याच्या खेपा घालणे, पाहुण्यांची जेवणे सांभाळणे, हे सर्व त्यांनी पदरमोड करून वर्षानुवर्षे केले. अध्यक्ष अभिमानाने म्हणत, ‘आम्ही घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतो.’ कार्यकर्ता म्हणून राबणे आणि कार्यकारिणीचा सदस्य म्हणून संस्थेवर लक्ष ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले इतके जोरात चालले होते की दुसऱ्याला वेळच उरत नव्हता. अधिनियमाच्या कलम २७ प्रमाणे कार्यकारिणीची वार्षिक यादी आणि कलम २८ प्रमाणे हिशेब पंजीयकाकडे, म्हणजे संस्थांची नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, दाखल करावे लागतात. मध्य प्रदेशातल्या संस्थांच्या बोलण्यात याला नुसते ‘सत्तावीस-अठ्ठावीस’ म्हणतात. या संस्थेची दोन वर्षांची सत्तावीस-अठ्ठावीस भरायची राहून गेली होती आणि सचिवांना ते मी सांगेपर्यंत माहीत नव्हते.

आता त्या सभेकडे वळू. सभा नेहमीप्रमाणे रविवारी संध्याकाळी पाच वाजता कोषाध्यक्षांच्या घरी, रामबागेत होती. पहिला विषय आनंदाचा होता. तीन दिवसांपूर्वी जाहीर झालेल्या पद्म पुरस्कारांच्या यादीत माळव्याच्या दोन लोककलावंतांची नावे होती : कबीर गायक कालूराम बामनिया आणि माच रंगभूमीचे ओमप्रकाश शर्मा. दोघांनाही पद्मश्री मिळाली म्हणून अभिनंदनाचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. मागील इतिवृत्त आणि संजाचा हिशेब असे दोन विषय झाल्यावर चौथा विषय आला. एका कंपनीकडून सीएसआरच्या, म्हणजे सामाजिक जबाबदारीसाठी राखलेल्या, निधीतून अनुदान मिळण्याची शक्यता होती आणि अर्जासोबत एक घोषणापत्र द्यायचे होते, की कार्यकारिणीतील कोणाही सदस्याला संस्थेकडून कोणत्याही स्वरूपात मोबदला मिळत नाही. कोषाध्यक्षांनी खातेवही उघडून दाखवले की भजन मंडळीच्या प्रमुखांना त्या वर्षी चार कार्यक्रमांचे प्रत्येकी ६,००० याप्रमाणे २४,००० रुपये दिले गेले आहेत. तेव्हा प्रमुखांनी एक तर मानधन सोडावे किंवा सदस्यत्व, असा प्रस्ताव कोषाध्यक्षांनी मांडला. सर्व सदस्य विनामोबदला काम करतात, मग एकालाच अपवाद का, असे कारण इतिवृत्तात नोंदलेले आहे. ठराव एकमताने मंजूर झाला, असेही नोंदलेले आहे.

एकमत म्हणजे नेमके काय झाले, याची चौकशी करताना या प्रकरणातली मला सर्वात जास्त बोचलेली गोष्ट समोर आली. इतिवृत्त हिंदीत लिहिले जाई, पण चर्चा मराठीत होई. सुरुवात हिंदीत होत असे, मग कोणीतरी ‘अहो वहिनी, पण मागच्या वेळी आपण काय ठरवले होते?’ असे विचारत असे आणि तिथून पुढची वीस मिनिटे सगळे मराठीत चाले. हे कोणी हेतुपूर्वक करत नव्हते. इंदूरचा मराठी माणूस दिवसभर हिंदीत वावरतो आणि चार मराठी माणसे भेटली की त्याची भाषा आपोआप घरी परतते. मी स्वतःही हे करतो. गावातल्या तिघांना मराठी थोडीफार समजे, वादात भाग घेण्याइतकी नाही. अंगणवाडी कार्यकर्तीने मला सांगितले की काय ठरले ते तिला बहुतेक वेळा शेवटी, सही करताना, हिंदीत कळत असे. चौथ्या विषयावरची चर्चा पस्तीस-चाळीस मिनिटे चालली. त्यात प्रमुख गायक एकदाच बोलले. त्यांनी विचारले की मी नाही घेतले तर चालेल, पण ढोलकवाल्याला काय सांगू?

या प्रश्नात खरी माहिती होती आणि ती कोणी ऐकली नाही. २४,००० रुपये हे एकट्या गायकाचे मानधन नव्हतेच. मंडळीत पाच जण होते आणि पैसे सोयीसाठी प्रमुखाच्या बँक खात्यात जमा होत असत. तो ते पाच ठिकाणी वाटत असे. त्याच्या स्वतःच्या वाट्याला वर्षभरात ४,८०० रुपये येत होते. हिशेबात मात्र एका ओळीत एका सदस्याचे नाव आणि त्यापुढे संपूर्ण रक्कम, असे दिसत होते. पाचही जणांच्या खात्यांत थेट पैसे भरले असते तर बँकेचे काम थोडे वाढले असते, एवढेच.

त्या सभेला येण्यासाठी गायकाला काय पडत होते, याचा हिशेब मी त्यांच्याबरोबर बसून केला, कारण तो संस्थेच्या कोणत्याही वहीत नव्हता. ते अर्धलीने शेती करतात आणि उरलेल्या दिवसांत गवंडीकाम. पाचच्या सभेला पोहोचायचे तर दुपारीच निघावे लागे. गंगवाल बस स्थानकावर उतरून पुढे रिक्षा. सभा आठच्या सुमारास संपली की गावाची शेवटची बस निघून गेलेली असे, म्हणून इंदुरातच चंदननगरला मेहुण्याकडे मुक्काम. सोमवारी सकाळी गावी पोहोचेपर्यंत मजुरीवर जाण्याची वेळ टळून गेलेली. म्हणजे एका सभेमागे जाण्यायेण्याचा खर्च आणि मजुरीचा किमान एक दिवस. वर्षाला सहा सभा धरल्या तर हा आकडा त्यांच्या वाट्याच्या मानधनाच्या फारसा मागे राहत नाही. निवृत्तिवेतन घेणाऱ्या आणि पायी चालत सभेला येणाऱ्या सदस्याची सेवा विनामूल्य असते. या माणसाची सेवा आधीपासूनच पैसे भरून होत होती. लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या तर आधी घरचे खायला असावे लागते, ही त्या म्हणीतली अट आपण ती म्हण वापरताना सहसा विसरतो.

पुढच्या दोन सभांना गायक आले नाहीत. त्यानंतर अंगणवाडी कार्यकर्ती आली नाही. तिने काही कारण दिले नाही आणि कोणी विचारलेही नाही. गणपूर्ती पाचची होती आणि शहरातले सहा जण हजर असल्यामुळे सभा नियमानुसार होत राहिल्या. संस्थेच्या नियमांप्रमाणे गावातला एकही सदस्य नसताना गावाबद्दलचे सर्व निर्णय वैध ठरत होते. मार्च सरला. अनुदानाचा अर्ज घोषणापत्रासह गेला होता, पण त्यातल्या इतर कागदांत सत्तावीस-अठ्ठावीसच्या पावत्या मागितल्या होत्या आणि त्या नव्हत्याच. अनुदान मिळाले नाही. म्हणजे ज्या अनुदानासाठी गायकाला पेचात टाकले, ते भलत्याच कारणाने हुकले.

२२ जून २०२४ रोजी कबीर जयंतीचा कार्यक्रम गावात ठरला होता. मांडव, ध्वनिव्यवस्था, खुर्च्या, सर्व वेळेवर पोहोचले. मंडळी आलीच नाही असे मात्र झाले नाही. मंडळी आपल्याच वस्तीत एका घराच्या ओट्यावर बसली आणि माइकशिवाय गायली, आणि गावातली बहुतेक माणसे तिथे जाऊन बसली. मांडवात शहरातून आलेले पाहुणे आणि शाळेतली मुले उरली. अध्यक्षांनी मला हे सांगितले तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते म्हणाले की परतताना गाडीत कोणी काही बोलले नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःहून जुने इतिवृत्त वाचायला काढले.

कागदपत्रे पाहताना पहिला प्रश्न कायद्याचा होता, कारण ठराव कायद्याच्या नावाखाली झाला होता. करसवलतीसाठी नोंदलेल्या संस्थेच्या बाबतीत त्या वेळी लागू असलेल्या आयकर अधिनियम, १९६१ चे कलम १३ असे पाहत असे की संस्थेच्या उत्पन्नाचा लाभ संस्थापक, व्यवस्थापक मंडळी किंवा त्यांचे नातेवाईक यांना मिळत तर नाही ना. पण त्याच कलमातील पोटकलम १३(२)(सी) मध्ये म्हटले होते की अशा व्यक्तीने दिलेल्या सेवेबद्दल वाजवीपेक्षा जास्त रक्कम दिली तर ती लाभ मानली जाईल. वाजवी मोबदल्याला त्यात मनाई नव्हती. संस्थेची नियमावली पाहिली तर तिच्यात अध्यक्ष, सचिव व कोषाध्यक्ष ही पदे मानद असल्याचे लिहिले होते. साधारण सदस्याबद्दल काही लिहिलेले नव्हते, आणि गायक पदाधिकारी नव्हते. पाच जणांच्या मंडळीला एका रात्रीचे ६,००० रुपये हा दर जास्त आहे, असे म्हणायला मला तरी धीर होणार नाही. देणगीदार कंपनीचे घोषणापत्र ही कंपनीची अट होती, कायद्याची नव्हे, आणि तिला पत्र लिहून वस्तुस्थिती कळवता आली असती. ते पत्र कोणी लिहिले नाही.

दुसरी गोष्ट त्याच फायलीत सापडली. ध्वनिव्यवस्था आणि मांडव यांचे वर्षाचे ३८,००० रुपये ज्या व्यवसायाला दिले जात, तो कोषाध्यक्षांच्या सख्ख्या पुतण्याच्या मालकीचा होता. कलम १३ च्या स्पष्टीकरणात नातेवाइकांची जी व्याख्या होती, तिच्यात भावाबहिणीची मुले येत. म्हणजे कायद्याच्या नजरेत गायकाचे मानधन आणि पुतण्याचे बिल अगदी एकाच रांगेत उभे होते. एकावर ठराव झाला आणि दुसरे कधी विषयपत्रिकेवरही आले नाही. कोषाध्यक्षांना हे दाखवले तेव्हा ते खरोखर चकित झाले. त्यांच्या मते त्यांनी संस्थेवर उपकारच केला होता, कारण पुतण्या बाजारापेक्षा स्वस्त देत असे. मी दोन ठिकाणचे दर मागवले. ते म्हणाले ते खरे होते. दर वाजवी होता. फक्त तो वाजवी आहे हे कोषाध्यक्षांशिवाय कोणी तपासलेले नव्हते आणि नाते कोठे लिहून ठेवलेले नव्हते. आपल्या माणसाला दिलेले काम आपल्याला व्यवहार वाटत नाही आणि दुसऱ्याच्या माणसाला दिलेले पैसे लगेच व्यवहार वाटतात. यात अप्रामाणिकपणा आहे असे मी म्हणणार नाही. सवय आहे.

तिसऱ्या गोष्टीने थोडी धावपळ केली आणि मग ती मिटली. सचिवांच्या न्यू जर्सीतल्या मुलाने ५०,००० रुपयांची देणगी संस्थेच्या साध्या खात्यात पाठवली होती. विदेशी अंशदानाच्या २०१० च्या कायद्यात देणारा राहतो कुठे यापेक्षा तो नागरिक कुठला आहे हे महत्त्वाचे असते : भारतीय नागरिक परदेशात राहत असला तरी त्याची वैयक्तिक देणगी विदेशी ठरत नाही, पण अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्या माणसाची ठरते, मग त्याच्याकडे भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड का असेना. मुलाकडे ग्रीन कार्ड होते आणि पासपोर्ट अजून भारतीय होता, म्हणून काही बिघडले नाही. इंदूरच्या मराठी घरांतून देणग्या घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा प्रश्न पैसे येण्यापूर्वी विचारायला हवा, एवढ्यासाठी तो इथे नोंदवतो.

२०२४ च्या पावसाळ्यानंतर कार्यकारिणीने जानेवारीचा ठराव रद्द केला आणि काही नवे नियम केले. प्रत्येक सभेच्या सुरुवातीला विषयपत्रिका वाचली की ज्या सदस्याचा किंवा त्याच्या नातेवाइकाचा कोणत्याही विषयात आर्थिक संबंध आहे त्याने तो सांगायचा, तो विषय आला की खोलीबाहेर जायचे, आणि हे दोन्ही इतिवृत्तात लिहायचे. मंडळ्यांचे दर ज्यांचा त्यात संबंध नाही अशा सदस्यांनी, इतर आयोजक काय देतात ते विचारून, वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी ठरवायचे. पैसे प्रत्येक कलावंताच्या खात्यात जायचे. गणपूर्तीसाठी गावातले किमान दोन सदस्य हजर असणे आवश्यक, अशी नियमावलीत दुरुस्ती करण्याचे ठरले. ती सर्वसाधारण सभेत मंजूर होऊन पंजीयकाकडे नोंदल्यावरच लागू होते, आणि ते काम राहिलेल्या सत्तावीस-अठ्ठावीसबरोबर हाती घेण्यात आले. चर्चा हिंदीत करायची हे ठरवायला पाच मिनिटे लागली. पाळायला अजून प्रयत्न करावे लागतात.

खरा वाद झाला तो सभाभत्त्यावर. प्रवासखर्च आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणून प्रत्येक सदस्याला ठरावीक रक्कम द्यावी, असे मी सुचवले होते. अध्यक्षांना ते अजिबात पटेना. सेवेचे पैसे घेतले की ती सेवा राहत नाही, असे त्यांचे मत होते आणि ते ज्या पिढीचे आहेत त्या पिढीत हे मत प्रामाणिक आहे. संगीत शिक्षिकेने सुचवले की फक्त गावातल्या सदस्यांना द्यावे. त्यावर माचच्या वृद्ध कलावंतांनी, जे क्वचितच बोलत, सांगितले की फक्त आम्हाला दिले तर आम्ही मजूर आणि तुम्ही मालक असे होईल. शेवटी भत्ता सर्वांना लागू झाला. ज्याला नको त्याने तो घेऊन संस्थेला देणगी म्हणून परत करावा आणि पावती घ्यावी. शहरातले पाच जण तसे करतात. सहावे भत्ता घेतात आणि मला ते आवडले.

एकाआड एक सभा गावात घ्यायचे ठरले तेव्हा दिवसाचा प्रश्न आला. गावाने अमावास्या सुचवली, कारण त्या दिवशी बैल जुंपत नाहीत आणि या भागात गवंडीकाम, मजुरीची कामेही पुष्कळ ठिकाणी बंद असतात. पहिली तारीख ठरली ३० डिसेंबर २०२४. ती सोमवती अमावास्या निघाली आणि अर्धे गाव स्नानाला गेले. पुढची, २९ जानेवारी, मौनी अमावास्या. त्या वर्षी प्रयागराजला कुंभ होता, तेव्हा पुन्हा तेच. सभा अखेर २७ फेब्रुवारी २०२५ रोजी, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, शाळेच्या पडवीत झाली.

अंगणवाडी कार्यकर्ती त्या सभेला आली होती. प्रमुख गायक सदस्य म्हणून परतले नाहीत. त्यांना तीनदा विनंती झाली, अध्यक्ष स्वतः घरी जाऊन आले; त्यांनी चहा पाजला, राग नाही असे सांगितले, आणि आपल्या जागी ढोलकवाल्याला घ्या म्हणाले. कार्यकारिणीने ढोलकवाल्याला घेतले.

त्या दिवशीच्या इतिवृत्तात विषय क्रमांक ३ ध्वनिव्यवस्थेच्या दरपत्रकांचा आहे. त्याखाली नोंद आहे की तीन दरपत्रके आली असून त्यांपैकी एक कोषाध्यक्षांच्या नातेवाइकाचे आहे, आणि कोषाध्यक्ष दुपारी ४.१० ते ४.३० या वेळात सभेबाहेर होते. बाहेर ओट्यावर प्रमुख गायक तंबुऱ्याची तार बदलत बसले होते. आत चर्चा चालू असताना कोषाध्यक्ष त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि त्यांनी तारेचे दुसरे टोक धरून ठेवले.